येळवसला नेलेली ताटं

"तुमचं शेत हाय म्हणं रेणापूरच्या वाटंला," सुमनबाई आपली घागर नळाखाली सरकवत म्हणाली. "चार वर्सं झाली शेजार करून राहिलो, कधी बोलला न्हाईत."

पंचशीलाबाईंनी नळाकडं पाहिलं. त्याला अजून धार नव्हती, नुसता सुस्कारे टाकत होता.

"कुणाचं शेत?"

"तुमचंच की. विहीर हाय, विहिरीवर आंबा हाय, आंब्याला झोका हाय. तुमच्या लेकीनं, मित्रानं, लिहिलंय निबंधात, 'आमची येळवस'. गुरुजींनी साऱ्या वर्गाला वाचून दाखवला. आमचं पोरगं घरी येऊन म्हणतंय, आई, समद्यांच्या विहिरी आटल्या, मित्राच्या विहिरीला तेवढं पाणी हाय." सुमनबाईनं रांगेतल्या बायकांकडं बघून डोळे मिचकावले. "रामकिशनभाऊला म्हणावं, टँकर भराया लांब कशाला जाता, घरचीच विहीर हाय."

बायका हसल्या. पंचशीलाबाईही हसल्या, कारण नळाच्या रांगेत जी बाई हसत नाही तिची घागर मागं राहते. घरी येईपर्यंत मात्र ते हसू तोंडावरच वाळून गेलं होतं.

लातूर जिल्हा होऊन थोडीच वर्षं झाली होती. नव्या जिल्ह्याला कचेऱ्या लागतात, कचेऱ्यांना माणसं. ती नांदेड, बीड, उस्मानाबाद अशी जिथून मिळतील तिथून उचलून आणलेली. त्यांच्यासाठी क्वार्टर बांधून झाली आणि पावसानं पाठ फिरवली. जिल्हा आणि दुष्काळ दोघं एकाच ऑर्डरीवर बदलून आले, असं लोक म्हणत. पंचशीलाबाई टंचाईच्या शाखेत टायपिस्ट होत्या आणि नवरा रामकिशन सरकारी टँकरवर ड्रायव्हर. तो गावोगाव पाणी ओतायचा, त्या ते कागदावर चढवायच्या. सुमनबाईच्या हिशेबानं त्या घरात दुष्काळ दोन पगार घेऊन येत असे. हे ती तोंडावर म्हणायची, आणि जाताना वाटीभर साखर उसनी न्यायची.

बाहेरून आलेल्या माणसाला इथली एक गोष्ट कळायला वर्ष लागतं. मार्गशीर्षातल्या अमावस्येला, म्हणजे येळवसला, सगळं लातूर कुलूप लावून रानात जातं. ज्याला शेत आहे तो आपल्या शेतात, ज्याला नाही तो दुसऱ्याच्या. शेताच्या मधोमध कडब्याची कोप घालायची, आत चुना लावलेले पाच दगड मांडून पूजा करायची, डाळी-भाज्यांची एकत्र शिजवलेली भज्जी खायची, ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील प्यायची आणि दिवेलागणीला घरी यायचं. वाटेनं जाणाऱ्या परक्यालाही ओढून जेवायला बसवतात. त्या दिवशी शहरात उरतात ते आजारी, आडमुठे, आणि पंचशीलाबाई.

त्यांना बोलावणं नव्हतं असं नाही. क्वार्टरला दूध घालणारी गौरम्मा दर वर्षी दारात उभी राहून सांगायची, "येळवसला यायचं बघ बाई, लेकरं घेऊन. लांब न्हाई, नाक्यापासून चालत या." पंचशीलाबाई हो म्हणायच्या. आदल्या रात्री लेकरांचे स्वेटर काढून ठेवायच्या. सकाळी उठून खिडकीतून आभाळ बघायच्या आणि बेत रद्द करायच्या. पहिल्या वर्षी ढग होते. दुसऱ्या वर्षी धुकं होतं. तिसऱ्या वर्षी आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ निघालं, तेव्हा त्यांनी वाऱ्यात खोट काढली. सगळा जिल्हा देव पाण्यात घालून पावसाची वाट बघत होता आणि ही एकटी बाई पाऊस येईल म्हणून घरात बसत होती. सुमनबाईला ते पुढच्या येळवसपर्यंत पुरायचं.

खरं कारण आभाळात नव्हतं. पंचशीलाबाई बौद्ध, बिलोलीकडच्या. लहानपणी एकदा त्या बापाबरोबर कुणाच्या तरी रानात हुरड्याला गेल्या होत्या. बाकीची मंडळी आगटीभोवती बसली, बापलेकीला बांधाच्या पलीकडं बसवलं आणि त्यांचा हुरडा वरून धोतराच्या सोग्यात टाकला. बाप तो न खाताच उठला. म्हणाला, "चल पंचे, आभाळ येऊन राहिलंय." पोरीनं वर पाहिलं, तर कुठं ढगाची चिंधीसुद्धा नव्हती. बाप तसं का म्हणाला, हे तिला फार पुढं कळलं. पण एकदा कळल्यावर आभाळ हे किती कामाचं असतं तेही कळलं.

गौरम्मा वाईट नव्हती. पण ती दूध वरून ओतायची, माप पातेल्याला लागू द्यायची नाही. ती सगळ्यांच्याच दारात असं ओतते की आपल्याच, हे पंचशीलाबाईंनी कधी दुसऱ्याच्या दारात उभं राहून पाहिलं नाही. काही हिशेब पडताळले नाहीत म्हणजे दोन्ही बाजूंनी जुळल्यासारखे राहतात.

त्या संध्याकाळी मात्र मित्रा अभ्यासाला बसली तेव्हा त्यांनी विचारलं, "मित्रा, आंब्याला झोका कुणी बांधला?"

संघमित्रानं पाटीवरून मान वर केली नाही. ती चौथीत होती आणि आईच्या आवाजातला फरक तिला कळायचा. "कुणीच न्हाई."

"मग लिहिलं कशाला?"

"समद्यांनी लिहिलं. मी काय लिहू? येळवसला आम्ही खिडकीतून आभाळ बघतो, असं लिहू?"

धाकटा नागसेन मधेच म्हणाला, "मी तर खिडकीत बी मावत न्हाई. ताई पुढं बसते."

पंचशीलाबाईंनी चुलीवरचं पातेलं उतरवलं. म्हणाल्या, "यंदा जाऊ."

मग त्यांनी बेत आखला. टंचाईच्या शाखेत जसा पाणी नसलं तर टँकर, टँकर नसला तर बैलगाडी असा आराखडा असतो, तसाच. "नाक्यापर्यंत जाऊ. आभाळ दाटलं तर तिथून परत. न्हाई दाटलं तर मोठ्या लिंबापर्यंत. लिंबाखाली भिजत न्हाई माणूस. तिथून पुढं शेत दिसतंच म्हणते गौरम्मा." नागसेनच्या डोक्यासाठी त्यांनी खताच्या पिशवीची खोळ केली. छत्री घेतली, स्वेटर घेतले. पाण्याचा डबा भरला. भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधली. आणि सगळ्यांत शेवटी, लेकरांची पाठ बघून, पिशवीत तीन ताटं घातली.

ती चार ताटं त्यांच्या लग्नातली. बिलोलीच्या विहारातल्या मंडळींनी वर्गणी काढून दिलेली, प्रत्येकाच्या काठावर रामकिशनचं नाव कोरलेलं. ताटं नेण्यामागं पंचशीलाबाईंचं गणित साधं होतं. रानात पत्रावळी असल्या तर ताटं पिशवीतच राहतील, कुणाला दिसणार नाहीत. पत्रावळी नसल्या तर यांना कुठल्या ताटात वाढावं हा प्रश्न कुणाच्या तोंडावर उमटायच्या आधीच आपली ताटं पुढं करता येतील. लेकरांना त्यातलं काही कळणार नाही. गणित चोख होतं. येळवसला दुसऱ्याच्या रानात आपलं ताट घेऊन जाणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर मारणं असतं, एवढी एकच गोष्ट त्यात धरायची राहिली. बिलोलीच्या बाईला ती कोण सांगणार?

येळवसच्या सकाळी आभाळ आलंच. रामकिशन पहाटेच टँकर घेऊन मुरुडकडं गेला होता. तहानेला सण नसतो. नाक्यावर पोचेपर्यंत वारा सुटला, दोन-चार थेंबही पडले. नागसेन सवयीनं मागं वळून उभा राहिला.

"का रं?"

"इथून परत ना?"

"न्हाई. चल पुढं."

रस्ता माणसांनी वाहत होता. डोक्यावर आंबिलीची मडकी घेतलेल्या बाया, सायकलीवर तिघं-तिघं, बैलगाड्यांत पोरांचे ढीग. ओळख ना पाळख, गाडीतून लोक हाक मारत होते, "ओ बाई, या की आमच्या रानात." नागसेनला वाटलं, आपण फार प्रसिद्ध आहोत. तो प्रत्येकाला हात करून सांगत सुटला, "आम्हाला हाय बोलावणं." दोन्ही बाजूंना नव्या वसाहतींसाठी रोवलेले दगड होते आणि त्यांच्या मधूनच गुडघ्याएवढी राहिलेली, करपलेली ज्वारी. लिंबापाशी ऊन पडलं, स्वेटर काढून पिशवीत गेले. मित्रा आईच्या बाजूनं मुकाट चालत होती.

"आई, गौरम्माच्या शेतात विहीर असंल?"

"असंल की."

"आन पाणी?"

"ते गेल्यावर बघू."

विहीर होती. मित्रा सगळ्यांत आधी तिच्या काठावर गेली आणि आत वाकून पाहिलं. तळाला चिखलही नव्हता, वाळलेल्या गाळाच्या खपल्या होत्या. आंबा नव्हता, एक बाभळ होती. मित्रानं दोन्हींकडं नीट पाहून घेतलं, जसं आपण उसनं घेतलेलं भांडं परत करण्याआधी पाहून घेतो.

गौरम्मा बांधापर्यंत सामोरी आली. तिनं नागसेनच्या गालावरून हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडली. "आलीस व्हय, यव्वा. मला वाटलं यंदा बी आभाळ आडवं येतंय तुला." मग कोपीकडं बघून म्हणाली, "लाज वाटती बघ बोलवायची. कोपीचा कडबा इकतचा. भज्जीतली एक शेंग रानातली न्हाई, समदी बाजारची. पोरगा म्हणत होता, यंदा जाऊच नको, ढेकळं पुजायची का? म्हणलं, पुजायची. पिकलं तवा रानानं आपल्याला घातलं, न्हाई पिकलं तर आपण त्याला घालू."

पोरगा म्हणजे रेवणप्पा. तो कोपीमागं शेकोटी करत होता. त्यानं लांबूनच रामराम केला. त्याची बायको निलव्वा नैवेद्य मांडत होती; तिनं पाहुण्यांकडं एकदा पाहिलं आणि पदर सावरून पुन्हा कामाला लागली. पूजा झाली. गौरम्मानं पाण्याचा तांब्या घेऊन कोपीभोवती फेऱ्या मारल्या आणि कानडीतलं काहीतरी मोठ्यानं म्हटलं. तिच्या नातवंडांमागं नागसेनही धावला आणि एकही शब्द न कळता सगळ्यांत मोठ्यानं ओरडला. गौरम्मा म्हणाली, "ह्याला पाठ हाय बघ."

मग जेवायची वेळ झाली. पंचशीलाबाईंनी इकडंतिकडं पाहिलं. पत्रावळी दिसल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून तीन ताटं काढली आणि पुसून आपल्यापुढं ठेवली.

रेवणप्पाच्या ते आधी ध्यानात आलं. "बरं केलात बाई," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज खरोखरच मोकळा झाला होता. "रानात ताटं कमीच पडत्यात." निलव्वाचाही हात हलका झाला. ती लगबगीनं आपल्या माणसांची ताटं मांडायला लागली, कोपीच्या पलीकडं.

गौरम्मानं तोवर टोपलीवरचं फडकं बाजूला केलं होतं. टोपलीत घासून लख्ख केलेली ताटं होती. घरच्यांना पुरून तीन वर. सुनेला न सांगता तिनं ती घातली होती, हे सुनेच्या चेहऱ्यावरून कुणालाही कळलं असतं.

"हे काय गं?" गौरम्मानं विचारलं.

"काय न्हाई अम्मा. लेकरं सांडत्यात. तुमच्या घासण्याला भर नको. पाण्याची अशी तंगी…"

"येळवसला आपलं ताट घेऊन जोगी येतो. तू जोगी हाईस का?"

पंचशीलाबाई पुसलेलं ताट पुन्हा पदरानं पुसू लागल्या.

"माझ्या ताटात जेवाया तुला चालत न्हाई का, बाई?"

हा प्रश्न पंचशीलाबाईंनी आयुष्यभर दुसऱ्या बाजूनं ऐकला होता. या बाजूनं तो पहिल्यांदाच आला होता. त्याचं खरं उत्तर लेकरांपुढं देता येण्यासारखं नव्हतं. मित्रा आईकडं बघत होती. मग तिनं रेवणप्पाकडं पाहिलं, मग कोपीपलीकडच्या ताटांकडं.

"चालतंय अम्मा," पंचशीलाबाई म्हणाल्या.

"मग हे माझं." गौरम्मानं त्यांच्यापुढचं ताट उचललं आणि मांडी घालून तिथंच बसली. आपल्या टोपलीतलं एक ताट त्यांच्यापुढं सरकवलं. "तू ह्यात जेव. निलव्वा, आण भज्जी इकडं."

"अत्ती, तुमचं पान तिकडं मांडलंय," निलव्वा सासूला हळूच म्हणाली.

"माझं पान हितं हाय."

निलव्वानं वाढलं. वाढताना पळी उंच धरली, पण वाढलं. गौरम्मानं रामकिशनचं नाव कोरलेल्या ताटात भज्जी कालवली, नागसेनच्या तोंडात एक घास घातला आणि विचारलं, "तिखट लागतंय का रं?" तो म्हणाला, "लागतंय. आणखी द्या." त्यावर रेवणप्पासुद्धा हसला. पंचशीलाबाईंनी दोनदा आंबील घेतली. बांधून आणलेल्या भाकरीची गाठ सुटलीच नाही.

दुपार कलली आणि एकदम सर आली. सगळे कोपीत शिरले, कोप गळायला लागली, मग जो तो हाताला येईल ते उचलायला लागला. ताटं मातीनं पुसून टोपलीत गेली. छत्रीखाली लेकरं धरून पंचशीलाबाई लिंबापर्यंत पळाल्या. तिथं पोचेस्तोवर ऊनही पडलं. तिघंही भिजली होती आणि तिघांनाही त्याचं काही वाटत नव्हतं. घरापर्यंत मित्रा अखंड बोलत होती. कोपीत किती जण मावतात, आंबील जास्त प्याली की झोप येते, बाभळीला झोका बांधता येतो पण काटे काढावे लागतात. नाक्यावर ती म्हणाली, "आंबा नव्हता तरी चाललं, न्हाई का गं?"

घरी पिशवी उपसली तर आपली दोनच ताटं निघाली. "राहिलं वाटतं टोपलीत," पंचशीलाबाई म्हणाल्या. आपलं एक ताट गौरम्माच्या घरात आज तिच्या ताटांच्या चळतीत बसलं असेल, या विचारानं त्यांना बरं वाटलं, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

सकाळी गौरम्मा दूध घेऊन आली. दूध घालून झालं तरी गेली नाही. पदराखालून तिनं ताट काढलं आणि उंबऱ्यावर ठेवलं.

"नातवानं नाव वाचलं, म्हणून कळलं तुमचं हाय."

ताट चकचकीत घासलेलं होतं, पण त्याचा रंग गेला होता. मधोमध निळा, त्याभोवती जांभळा, काठाकडं सोनेरी. आगीत धरलेलं स्टील तसं होतं. पितळ असतं तर नुसतं काळं पडलं असतं. बिलोलीला सवर्णांच्या दारी त्यांच्या आजीनं ज्यातून पाणी प्यावं तो तांब्या असाच विस्तवातून काढून मग घरात घेत. स्टीलवर त्याचे रंग उमटतात, हे पंचशीलाबाई पहिल्यांदाच पाहत होत्या.

"सुनंनं केलं," गौरम्मा म्हणाली. तिची नजर ताटावरच होती. "तू आमच्या कुठल्या ताटात जेवलीस ते ढिगात तिला वळखू येईना. म्हणून समदीच चुलीवर धरली. त्यात तुमचं बी."

पंचशीलाबाई उभ्या होत्या. त्यांच्या मागं दारात मित्रा येऊन थांबली होती, हातात वेणीची रिबीन.

"तुम्ही घरात नव्हता का?" त्यांनी विचारलं.

"व्हते." गौरम्मानं दुधाची किटली उचलली, पुन्हा खाली ठेवली. "बगत बसले, बाई. रानात बोलाया येतंय मला. घरात आता तिची चूल हाय."

 पंचशीलाबाईंनी ताट उचललं. "चहा घेता का?" त्यांनी विचारलं. गौरम्मानं मान हलवली, ती हो की नाही ते कळलं नाही, आणि ती जिना उतरून गेली. उन्हाळ्याच्या तोंडाशी तिची म्हैस चारा छावणीत गेली. दूध बंद झालं आणि तिचं येणंही.

ते ताट चळतीत सगळ्यांत खाली गेलं. तिघांना तीन ताटं पुरत होती, त्यामुळं ते वर यायचं कारण नव्हतं. पण येळवसनंतरच्या आठवड्यात रामकिशन घरी जेवायला मिळाला. मित्रा ताटं घ्यायला गेली आणि चौथंही घेऊन आली.

"हे कशानं झालं?" रामकिशननं विचारलं.

"चुलीत पडलं," पंचशीलाबाई भाकरीकडं बघत म्हणाल्या.

नागसेननं ते पाहिलं आणि हरखला. "ह्याच्यात मोर हाय. मला हे पाहिजे."

"तुला न्हाई," मित्रा म्हणाली.

"का?"

"ते मोठ्यांचं हाय."

तो रडायला लागला. आईनं समजूत काढली नाही आणि मित्राकडं पाहिलंही नाही. तव्यावरची भाकरी उलटली. मित्रानं ते ताट आपल्या पुढ्यात ओढलं, गरम भाकरी घेऊन त्यात बरोबर मधोमध ठेवली. भाकरी मोठी होती, काठापर्यंत आली. मग ती खाली मान घालून जेवायला लागली, कडेकडेनं तोडत, अगदी सावकाश.